केर गावातून ओटावाकडे

मावशीचं सासर आचऱ्याचं. मी सात-आठ वर्षांचा असताना एका गावपळणीत तिच्या घरच्यांबरोबर तीन दिवस वेशीबाहेर राहिलो होतो. श्री देव रामेश्वराचा कौल झाला, दिवस ठरला आणि सगळं गाव निघालं. तांदूळ, सुकी मासळी, पांघरुणं, चुलीची लाकडं हे तर झालंच. पण गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरंही बरोबर. मावशीची आजेसासू तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. चौघांनी तिला लाकडी खुर्चीत बसवून उचलून नेलं. मागे कोणी राहायचं नाही, हा नियम. वेशीपलीकडे माडाच्या झापांची खोपटं उभी राहिली. रात्री भजनं झाली, बायकांच्या फुगड्या झाल्या. चौथ्या दिवशी परतीचा कौल मिळाला आणि गाव पुन्हा गावात आलं.

दर तीन-चार वर्षांनी होणारी ही गावपळण मालवण तालुक्यात आचऱ्याबरोबर चिंदर, वायंगणी या गावांतही आहे. तिच्यामागे कोणी देवाची आज्ञा सांगतं, कोणी भुताखेतांची गोष्ट. कोणी म्हणतं, साथीच्या रोगांतून सुटण्यासाठी पूर्वजांनी काढलेली ही युक्ती. ती कशी सुरू झाली हा वाद मला घालायचा नाही. तीन दिवस माणसं बाहेर राहिल्याने गावातली रोगराई जाते, असंही मी म्हणणार नाही. पण सार्वजनिक आरोग्याचं काहीही वाचताना ती खुर्चीतली म्हातारी मला आठवते. सगळ्या धर्मांची घरं एका निर्णयाने निघतात, कोंबडीलाही मागे सोडत नाहीत, आणि जो सगळ्यांत अशक्त त्याला उचलून नेण्याची जबाबदारी चौघे घेतात. ज्या गावाला हे जमतं, त्याच्याकडे आरोग्याच्या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट आधीपासूनच आहे.

या अवघड गोष्टीला इंग्रजीत जे नाव मिळालं, त्याचं सरकारी मराठी 'आरोग्य संवर्धन' असं होतं. शब्द चांगला आहे. संवर्धन म्हणजे जोपासणं. भाताचा तरवा जोपासतात तसं आरोग्य जोपासायचं. आजार झाल्यावर धावाधाव करणं हे त्याच्या नंतरचं. या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८६च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या राजधानीत, ओटावात भरली. १७ ते २१ नोव्हेंबर असे पाच दिवस ३८ देशांतली २१२ माणसं तिथे जमली आणि शेवटच्या दिवशी त्यांनी एक सनद काढली. अवघ्या काही पानांची ती सनद आजही या क्षेत्रातलं मूळ दस्तऐवज मानली जाते. २१ नोव्हेंबर २०२६ला तिला ४० वर्षं होतात.

ओटावाची सनद मी प्रथम वाचली तेव्हा तिच्यातली यादी बघून चकित झालो. आरोग्यासाठी आधी काय हवं, तर शांतता, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न, टिकून राहणारा निसर्ग, सामाजिक न्याय. या यादीत डॉक्टर नाही, औषध नाही. सनदेचं म्हणणं असं की माणसाचं आरोग्य रोजच्या जगण्यात घडतं, तो जिथे शिकतो, राबतो, खेळतो, जीव लावतो तिथे. म्हणून सरकारची सगळी धोरणं आरोग्याकडे बघून ठरावीत, भोवताल आरोग्याला साथ देणारा असावा, गावाने स्वतः ठरवून काम करावं, माणसाच्या हाती माहिती आणि कौशल्य यावं, आणि आरोग्यसेवेने दवाखान्याच्या भिंतीबाहेर बघावं. मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते धोरणांबद्दलचं एक साधं म्हणणं. आरोग्याला बरी असलेली वाट हीच माणसाला सगळ्यांत सोपी वाट वाटली पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवून आपण सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला जाणार आहोत.

ओटावानंतर परिषदांची रांग लागली. १९८८ला ॲडलेड, १९९१ला स्वीडनमधलं सुंड्सवाल, १९९७ला जाकार्ता, २०००ला मेक्सिको, २००५ला बँकॉक, २००९ला नैरोबी, २०१३ला हेलसिंकी, २०१६ला शांघाय आणि कोविडमुळे दूरस्थ भरलेली २०२१ची जिनिव्हा. गरीब देशांपैकी एखाद्याच्या भूमीवर यायला या परिषदेला जाकार्तापर्यंत अकरा वर्षं लागली. भारतात ती अजून झालेली नाही. तिच्याशेजारी सार्वजनिक आरोग्याच्या जागतिक महासंघाची वेगळी परिषद भरते. ती २०१५च्या फेब्रुवारीत कोलकात्याला झाली होती. आरोग्य संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाची पंचविसावी जागतिक परिषद २०२५च्या मे महिन्यात अबू धाबीला झाली. आणि सार्वजनिक आरोग्याची अठरावी जागतिक परिषद २०२६च्या सप्टेंबरात केप टाउनला ठरली.

अशा परिषदा आपल्या किनाऱ्यापासून फार लांब असतात असं वाटतं, पण कोकणी माणसाला त्यांचा अनुभव जुना आहे. १८९६च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेग उतरला. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपातली राष्ट्रं व्हेनिसला जमली आणि मुंबईहून निघणाऱ्या जहाजांचं आणि माणसांचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं. त्याच फेब्रुवारीत इथे साथरोग कायदा झाला. व्यापार बंद पडण्याच्या धास्तीने सरकार कठोर झालं. घरझडत्या, सक्तीची इस्पितळं, स्टेशनांवर आणि बंदरांवर तपासण्या सुरू झाल्या. मुंबईच्या गिरण्यांतला कामगार तेव्हा मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि मालवण तेव्हा त्याच जिल्ह्यात. लाखो लोकांनी मुंबई सोडली, त्यांत हे चाकरमानीही होते. त्यांच्याविषयीचे निर्णय व्हेनिसच्या ज्या दालनात झाले, तिथे गिरणगावातलं कोणी नव्हतं.

१८९७चा तोच कायदा २०२०च्या मार्चमध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. त्या वर्षी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी किती दिवस वेगळं राहायचं यावर कोकणात गावोगाव बैठका झाल्या. शेवटी सरकारने दहा दिवस ठरवले. शाळेच्या वर्गात किंवा वाडीबाहेरच्या मांगरात ते दिवस काढलेली माणसं माझ्या नात्यात आहेत. काही गावांनी त्यांना दोन वेळचं जेवण पोचवलं, काही गावांनी वेशीवर बांबू आडवे टाकले. भीती सगळीकडे सारखीच होती. जिथे बैठक बसवून, मुंबईकरांशी फोनवर बोलून ठरलं तिथे माणसं नीट वागली, आणि जिथे फक्त फलक लागला तिथे भांडणं झाली. माझ्यापुरता हा हिशेब पक्का आहे.

उलट दिशेने गेलेली एक गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती महाराष्ट्राची आहे आणि आपण ती पुरेशी सांगत नाही. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यांतल्या अनेक दलित आणि निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गावाने आपल्यातली बाई निवडायची, तिने बाळंतपणं, कुपोषण, पाणी हे सगळं बघायचं. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा इथे १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. त्या वेळी संघटनेचे प्रमुख असलेले हाफडान माहलर हे डॅनिश डॉक्टर स्वतः १९५०च्या दशकात भारतात क्षयरोगाचं काम करून गेलेले. आल्मा-आटाच्या विचारात जामखेडच्या बायकांचा अनुभव मिसळलेला आहे. परिषदेने गावाला शिकवावं याच्याआधी गावाने परिषदेला शिकवलं होतं.

आता केर.

दोडामार्ग तालुक्यातलं केर हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याला, गोव्याच्या हद्दीपासून जवळ. मालवणहून निघालं की कुडाळ, सावंतवाडी, बांदा असं जावं लागतं आणि बांद्यानंतर समुद्राची आठवणही राहत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच्या बागा, मधेच रबराच्या सरळ रांगा, अननस, आणि वर जंगल. २०१६च्या सुरुवातीला या भागात माकडं मरून पडायला लागली आणि त्यामागोमाग माणसं तापाने आडवी झाली. ताप एकाएकी येई, डोकं आणि अंग ठणके, काहींना रक्तस्राव होई. नमुने तपासल्यावर निदान झालं क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचं. आपण त्याला माकडताप म्हणतो. महाराष्ट्रातला या रोगाचा हा पहिला उद्रेक. पुढच्या वर्षी तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात पसरला.

या विषाणूचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. १९५७मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडं मरू लागली, माणसं तापू लागली. माकडं मरतात म्हटल्यावर पहिली भीती पीतज्वराची होती, कारण तो भारतात कधी आलेला नव्हता आणि आला असता तर अनर्थ झाला असता. पाचच वर्षांपूर्वी, १९५२मध्ये, पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तो वेगळा विषाणू असल्याचं शोधून काढलं, आणि तो गोचिडीतून पसरतो हेही. तेच केंद्र म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा रोग शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरताच मानला गेला. मग २०१२नंतर तो बंडीपूर, वायनाड, गोव्यातलं सत्तरी असा सह्याद्रीच्या कडेकडेने दिसू लागला. २०१५मध्ये सत्तरीतल्या पाली गावात तो काजू वेचणाऱ्यांना झाला. तिथून केर काही लांब नाही.

माकडताप हे नाव लोकांच्या तोंडी बसलं आहे, पण त्याने एक नुकसान केलं. माकड हा रोग देत नाही. वांदर असो की लाल तोंडाचं माकड, तो या रोगाचा पहिला बळी. विषाणू राहतो गोचिडीत आणि जंगलातल्या लहान प्राण्यांत. गोचिडीची पिल्लं, उघड्या डोळ्यांना नीट दिसतही नाहीत इतकी बारीक, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत जमिनीवरच्या सुक्या पानांत असतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून त्या जागेभोवती पसरतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की लगेच कळवायचं, जवळ जायचं नाही, तिथे कीटकनाशक पावडर मारायची. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. शंभर रुग्णांतले तीन ते पाच दगावतात. वाचतात त्यांतल्या काहींना आठवडाभर बरं वाटून पुन्हा ताप येतो आणि या वेळी तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. बरं झाल्यावरही कित्येक आठवडे अंगात त्राण नसतं, आणि हंगाम तर त्याच आठवड्यांचा असतो.

हंगाम म्हणजे काजूचा. फेब्रुवारी ते मे. बोंडू पिकून खाली पडतो, बी पातेऱ्यात शिरते. ती वाकून, बसून, हाताने पानं बाजूला करून वेचायची. हे काम मुख्यतः बायका करतात, पहाटे निघून, उन्हं चढेपर्यंत. काजूचे महिने गोचिडीच्या पिल्लांच्या महिन्यांतच येतात. त्यात जनावरं मोकळी चरायला जंगलात जातात आणि संध्याकाळी गोचिडी अंगावर घेऊन गोठ्यात येतात. गोठ्यात गुरांखाली अंथरायला सुका पातेरा लागतो, तोही बायकाच डोक्यावरून आणतात. भाजावळीलाही तोच. म्हणजे ज्या पानांत रोग आहे, ती पानं दोडामार्गातल्या बाईच्या दिवसात तीन वेळा तिच्या हातात येतात.

कर्नाटकात या रोगाचा अभ्यास करणाऱ्यांनी असं दाखवलं आहे की दाट सदाहरित जंगल आणि लागवडीची बाग जिथे एकमेकांत घुसलेली असतात आणि गुरं पुष्कळ असतात, तिथे धोका जास्त. ही आपल्या पट्ट्याचीच कुंडली झाली. १९९०पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, कोकणात डोंगर-उतार काजू-आंब्याखाली आले आणि अनेक घरांना त्याने खरोखर उभं केलं. त्या योजनेला मी दोष देत नाही. माझ्या मामाच्या मुलांचं शिक्षण काजूवर झालं. नंतर रबर आलं, खाजगी जंगलं तुटली. यातला प्रत्येक निर्णय शेती खात्याचा, महसुलाचा, वनखात्याचा किंवा जमीनमालकाचा होता. आरोग्य खात्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नसेल. २०१३मध्ये हेलसिंकीच्या परिषदेने 'सगळ्या धोरणांत आरोग्य' हा विषय घेतला होता. तो विषय समजून घ्यायला फिनलंडला जायची गरज नाही, बांदा ते दोडामार्ग एकदा एसटीने जावं.

याच २०१६मधली दुसरी गोष्ट इथे आठवते. त्या सप्टेंबरात केंद्राच्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सिंधुदुर्ग हा मैदानी भागातला देशातला सर्वांत स्वच्छ जिल्हा ठरला; डोंगरी भागातला हिमाचलमधला मंडी. आम्हां सगळ्यांना अभिमान वाटला आणि आजही वाटतो. घरोघर संडास ही काही लहान कमाई नाही, तिच्यामागे कित्येक वर्षांची ग्रामसभांची, बचत गटांची मेहनत होती. पण त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात नवा ताप आला. स्वच्छतेच्या कोणत्याही तपासणी-यादीत पातेरा नव्हता, गोठा नव्हता, काजूची बाग नव्हती. आरोग्य म्हणजे स्वच्छता ही आपली शाळेतल्या फळ्यावरची समजूत किती अपुरी आहे, हे केरने दाखवून दिलं. आणि दोनच महिन्यांनी शांघायला आरोग्य संवर्धनाची नववी जागतिक परिषद भरली.

केरच्या परिसरातल्या एका वाडीत मी गेल्या हंगामात एका आशाताईंबरोबर फिरलो. त्यांच्या पिशवीत डीएमपी तेलाच्या छोट्या बाटल्या, तापाची नोंदवही, रक्ताच्या नमुन्यासाठी पाठवायच्या नावांची यादी. हातापायांना हे तेल लावून बागेत गेलं की गोचिडी सहसा चिकटत नाहीत. लस आज हातात नाही. कर्नाटकात जी जुनी लस देत ती पुरेशी परिणामकारक राहिली नाही म्हणून २०२२मध्ये थांबवली गेली. नव्या लशीवर काम सुरू आहे. तोवर तेल, पूर्ण कपडे, बूट, बागेतून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि ताप आला की अंगावर न काढणं. एवढंच शस्त्र.

एका अंगणात साठीच्या एक काकी काजी सुकत घालत होत्या. आशाताईंनी बाटली पुढे केली तशा म्हणाल्या, "गे बाय, ह्या त्याल लावन काजी येचूक बसला काय घामान घटकेत धुवान जाता. मगे परत लावूक बाटली खंय? घराकडे."

"बरोबर घेवन जावा ना, काकी. आणि पातेरो आणू नकात."

"पातेरो नको तर गुरांखाली काय घालू, माजा लुगडा?"

"तवसर गवात घाला."

"गवात गुरांक खाऊक पुरना नाय, तेंच्या खाली खंयचा घालतंस?"

आशाताई गप्प झाल्या. काकींच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतंच. ओटावाच्या सनदेतलं ते सोप्या वाटेचं म्हणणं मला त्या अंगणात कळलं. पातेरा आणू नका हे सांगणं फुकट आहे, पण ते पाळणं काकींना परवडत नाही. बागेत लांब दांड्याचं दाताळं वापरून डिसेंबरच्या आधीच झाडाखालचा पाला ओढून घेता येईल, गोठ्याची जमीन पक्की करायला मदत देता येईल, गुरांना वेळच्या वेळी गोचीडनाशक लावता येईल. यातली दोन कामं पशुसंवर्धन खात्याची, एक कृषी खात्याची. आशाताईच्या पिशवीत त्यांतलं एकही मावत नाही. तिच्या पिशवीत फक्त सल्ला मावतो, आणि सल्ला ऐकला नाही की दोष काकींवर जातो.

मेलेल्या माकडाचंही तसंच. माकडं माड आणि काजूची नासाडी करतात, कोकणातला शेतकरी त्यांच्यामुळे हैराण आहे. त्याला मेलेल्या माकडाची खबर द्यायला सांगायचं तर त्या खबरीची किंमत त्याला पटली पाहिजे. तो फोन करतो, वनखातं येतं, पशुवैद्य येतात, आरोग्य खातं येतं. तिन्ही वेळेवर आली तर त्याचा फोन कामी आला असं त्याला वाटतं. एकदा फोन वाया गेला की दुसऱ्यांदा तो करत नाही. हंगाम संपतासंपता पाऊस येतो, पातेरा कुजतो आणि माकडतापाची जागा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, घेतो. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून भातशेतीच्या पाण्यात उतरणारा हा जंतू चिखल्या झालेल्या, फुटलेल्या पायांतून आत शिरतो. लावणीच्या दिवसांत आशाताई पुन्हा घरोघर, या वेळी डॉक्सीच्या गोळ्या घेऊन. पाय त्याच बायकांचे.

या आशाताई कोण? २००५मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा गावातलीच बाई निवडून तिला हे काम द्यायचं ठरलं. जामखेडची कल्पना सरकारी वहीत उतरली, फक्त पगार उतरला नाही. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका, तिला मिळतं ते मानधन आणि कामागणिक मोबदला. मे २०२२मध्ये जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य सभेत भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान जाहीर झाला. त्या बातमीने मला भरून आलं होतं. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या आणि २०२४च्या फेब्रुवारीत मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या. सन्मान आणि संप या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत. परिषदेत पहिली सांगितली जाते.

दोडामार्गात ताप वाढला की लोक बघतात गोव्याकडे. 'बांबोळीक न्हेलो' हे आमच्याकडे गंभीर आजाराचं दुसरं नाव आहे. तिथलं गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय या तालुक्याला जितकं जवळ, तितकं महाराष्ट्रातलं कोणतंही मोठं रुग्णालय अनेक वर्षं नव्हतं. जानेवारी २०१८पासून गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला उतरले. गोव्याच्या बाजूनेही कारण होतं, त्यांच्या करदात्यांच्या पैशांवर किती भार पडावा याला मर्यादा असते. पण विषाणूने सत्तरीतून दोडामार्गात येताना कधी हद्द विचारली नाही. सीमा फक्त रुग्णवाहिकेला आडवी येते. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, काही वर्षांत चित्र बदलेल अशी मला आशा आहे.

२०२५च्या २० मेला जागतिक आरोग्य सभेने महासाथींविषयीचा करार स्वीकारला. माणूस, प्राणी आणि निसर्ग यांचं आरोग्य एकत्र बघायचं, रोग जिथे उगवतो तिथेच रोखायचा, असं त्यात आहे. विषाणूचे नमुने देणाऱ्या देशांना त्यातून बनणाऱ्या लशी-औषधांचा वाटा कसा मिळावा, यावरच्या वाटाघाटी मात्र तेव्हा बाकी राहिल्या. हा प्रश्न मला फार दूरचा वाटत नाही. केरच्या माणसांनी दंडातून रक्त दिलं, त्यातून विज्ञान पुढे गेलं. नवी लस येईल तेव्हा ती पहिल्यांदा काजूच्या बागेत पोचली पाहिजे, इतका वाटा त्यांनी मिळवलेला आहे.

केप टाउनला जे जातील त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांच्या कामामुळेच तंबाखूचे कायदे झाले, लसीकरण वाढलं, बाळंतपणात बायका वाचल्या. परिषदा नकोत असं मी म्हणणार नाही. मला एवढंच वाटतं की ओटावाच्या सनदेची चाळिशी साजरी होताना त्या व्यासपीठावर आरोळ्यांच्या जामखेडसारख्या ठिकाणच्या आरोग्यसेविकेला, दोडामार्गच्या आशाताईला बोलायला उभं करावं, तिच्या भाषेत, दुभाषा देऊन. आणि त्याच्या आधी, इथे, आपल्या जिल्ह्यात एक परिषद व्हावी. डिसेंबर उजाडण्यापूर्वी वन, पशुसंवर्धन, कृषी आणि आरोग्य या चार खात्यांची माणसं एखाद्या वाडीच्या मांडावर बसावीत, आणि काजू वेचणाऱ्या बायकांनी आधी बोलावं. आमच्याकडे मांडावर गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा एक जण मागणं मांडतो आणि सगळा गाव एका आवाजात होकार देतो. ज्याने होकार दिला त्याच्यावर ते मागणं पुरं करायची जबाबदारी येते. ठराव करायची ही आमची पद्धत आहे.

त्या दिवशी निघताना मी काकींना केप टाउनच्या परिषदेबद्दल सांगितलं. कुठे आहे, किती लांब आहे, तिथे कोण येणार. त्यांनी नीट ऐकून घेतलं. सुपातल्या काजी हाताने पसरत मग म्हणाल्या, "तेंका दोनच गोष्टी सांग, झिला. त्याल मोठ्या बाटलेत देवा, आणि बूट बायकांच्या पायाक बसतत असले."

आशाताईंनी वहीत लिहून घेतलं.